बंदीच्या दिवसांतले पिच्चर

होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, की माझा फोन वाजायला लागतो. आमच्या दांडीत जूनपासून नारळी पुनवेच्या आसपासपर्यंत मासेमारी बंद असते. सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, गाव तिला नुसतं 'बंदी' म्हणतं. माशांना अंडी घालायला सवड मिळावी म्हणून ही बंदी. पण माशांहून जास्त सवड मिळते ती माणसांना, आणि सवड मिळालेला माणूस दुसऱ्याच दिवशी विचारतो, "वहिनी, यंदा काय बघू?"

परवा पहिला फोन आला. "एकदम भारी सांगा. जुना चालल, नवा चालल. पण डोक्याला ताप नको."

मी लगेच काही सांगत नाही. डॉक्टर आधी जीभ दाखवायला सांगतात, तशी मी आधी विचारते, "बघताना हातात काय असणार?" नवख्याला हा प्रश्न कळत नाही. "हातात? रिमोट!" असं उत्तर आलं, की हा बोईसरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेला आहे हे मी ओळखते. गावातला माणूस बरोबर बोलतो. "जाळं हाय." किंवा, "सुकट निवडायची हाय." किंवा एखादी आवाज खाली आणून खरं ते सांगते, "काय नाय गो, नुसती बसणार हाय. सासू लेकीकडं गेलीय." या तिघांना एकच पिच्चर सांगणारा माणूस माझ्या मते धोकादायक आहे. सुकट निवडणाऱ्या बाईला खाली मान घालून काम असतं. तिला गाण्यांचा जुना पिच्चर द्यावा, कानांनी बघता येणारा. सासू लेकीकडे गेलेल्या बाईला काहीही द्या, तिला आवडणारच आहे.

पिच्चरचं नाव सांगायची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणून मीही इथे सांगणार नाही. नावं पोस्टरवर राहतात. पडवीत उरतो तो 'घड्याळाचा', 'बर्फाचा', 'दोन जावांचा', 'ट्रकवालीचा'. मला स्वतःला कित्येक पिच्चरांची खरी नावं आता आठवत नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

ही विद्या मी बोईसरला शिकले. माझं माहेर कोळगावचं, भातशेती आणि कडेने भाजीपाला. मामाची बोईसरला स्टेशनच्या बाजूला सीडी लायब्ररी होती. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, तिला शटर लावलेलं. कॉलेज संपल्यावर "नोकरी लागेपर्यंत बस" असं म्हणून मामाने मला गल्ल्यावर बसवलं. नोकरी लागली नाही आणि मला तिची आठवणही झाली नाही, इतकी मी त्या फटीत रमले.

गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतलं. शिफ्ट सुटली की अंगाला केमिकलचा वास घेऊन माणसं यायची आणि हिंदीत पिच्चर मागायची. एक जण रोज सांगायचा, "दीदी, नाइट करके आया हूँ। ऐसा दो कि बीच में नींद आ जाए तो भी समझ में आए।" त्याला मी मारामारीचे द्यायचे. मारामारीच्या पिच्चरमध्ये तासभर झोपून उठलं तरी तीच माणसं त्यांनाच मारत असतात. दुसरा एक नेहमी म्हणायचा, "जिसमें गाँव हो।" गोष्ट कसली, नट कोण, त्याला काही पडलेलं नसे. पडद्यावर शेत, बैल आणि चूल दिसली की पुरे. उलट कोळगावहून माझी आई यायची ती मागायची बर्फ. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला पुन्हा शेत कशाला दाखवायचं? घरी असलेल्याला लांबचं हवं असतं आणि लांब असलेल्याला घरचं, एवढा एकच नियम मी त्या फटीत शिकले. तो अजून कुठे चुकलेला नाही.

संदीप तिथेच भेटला. तो दांडीच्या एका तांडेलाचा मुलगा, म्हणजे बाप होडीचा मुख्य, आणि हा बोईसरच्या कारखान्यात शिफ्टला. तो इतरांसारखा "चांगला कोणता?" असं कधी विचारायचा नाही. "तुम्हाला कोणता आवडला?" असं विचारायचा. न बघताच परत आणून द्यायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. याला पिच्चरमध्ये रस नाही, हे मामाला माझ्याआधी कळलं.

लग्न झालं आणि लगोलग बंदी लागली. आता माझी सासू, जिला सगळे 'आय' म्हणतात, तिच्या बाजूने जरा विचार करा. एकुलता एक मुलगा होडीवर न जाता कंपनीत गेला. खरं कारण असं, की भर समुद्रात त्याला मळमळायचं. तांडेलाच्या मुलाला होडी लागते, ही गोष्ट गावात बोलायची नसते. मग खापर फोडायला कोणीतरी हवं होतं, आणि ऐन वेळेला मी उगवले. कोळगावची, शेतकऱ्याची, पापलेट आणि हलव्यात गोंधळ करणारी. वर आमचा बेत होता, पुनवेनंतर बोईसरला खोली घेऊन राहायचा. म्हणजे मुलगा आधी पाण्यावरून गेला होता, आता घरातूनही जाणार होता. आय माझ्याशी भांडली नाही. ती माझ्याशी बोललीच नाही. "तिला सांग, भात खाली उतरव," असं ती माझ्यासमोर उभी राहून भिंतीला सांगायची. भिंत काही सांगायची नाही, मी आपली भात उतरवायचे.

बंदीत आमच्या पडवीत जाळी दुरुस्त होतात. खडकाला लागून, काटेरी माशांनी फाडून, वर्षभरात जाळ्याची चाळण होते. पडवीभर ते पसरायचं, फाटलेला भाग कापायचा आणि तिथे नव्याने विणायचं. जाळ्याच्या एकेका चौकटीला इथे आस म्हणतात. पापलेटच्या जाळ्याचा आस ठरलेल्या मापाचा लागतो. मोठा झाला तर मासा निसटतो, बारीक झाला तर पोरवयाचं पिल्लू अडकतं. नव्या माणसाला मापाची पट्टी देतात. जुन्यांचं माप बोटांत असतं. आमच्या पडवीत बोटांत माप असलेली तीन माणसं होती. माझे सासरे, म्हणजे बाबा, त्यांची बहीण जनाआत्या, जिचं तोंड सुईपेक्षा भरभर चालायचं, आणि आय. आयच्या वडलांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलींनाच सुई धरायला शिकवलं. तिच्यासारखा हात अख्ख्या आळीत कोणाचा नाही, असं बाबा सांगायचे, पण तिच्या पाठीमागे.

मला पट्टी देऊनही जमेना. माझ्या गाठी बघून जनाआत्या म्हणाली, "पोरी, हे जाळं मासे धरायला हाय, टोमॅटो बांधायला नाय." मला दोरा गुंडाळायच्या कामावर बसवलं. तेही जेमतेमच जमलं. शेवटी संदीपनेच सुचवलं, की हिला पिच्चरमधलं कळतं, हिला टीव्हीवर बसवा. माजघरातला टीव्ही दाराकडे वळवून ठेवला, मामाकडून पिशवीभर सीड्या आल्या आणि सासरी मला पहिलं पद मिळालं.

आयने तिची बसायची जागा बदलली. ती दाराला पाठ करून बसली, जाळ्याच्या पार टोकाला, तोंड पावसाकडे. "माझं काम हाय," ती भिंतीला म्हणाली. मग त्या बंदीत माझ्यासमोर एकच प्रश्न राहिला. ही पाठ वळणार की नाही? ती वळली नाही तर पुनवेनंतर आम्ही बोईसरला जाणार, आणि या घराच्या दृष्टीने मी कायमची 'ती' राहणार, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. रात्री मी संदीपला सांगायचे, तुझी आई वळली पाहिजे. तो म्हणायचा, "वळल." पोटच्या पोराचा आपल्या आईविषयीचा अभ्यास किती कच्चा असतो, हे तेव्हा मला कळलं.

पहिला पिच्चर मी लावला समुद्राचा. दर्याकाठची माणसं, तर दर्याचाच द्यावा. गल्ल्यावरचा माझा एकमेव नियम मी पहिल्याच दिवशी धाब्यावर बसवला आणि त्याची शिक्षा मला ताबडतोब मिळाली. नायक होडीतून नायिकेला हाका मारत येत होता आणि पडवीत चौकशी समिती बसली होती. "वारं कुठलं हाय?" "शीड फुगलंय ह्या अंगाला आणि झेंडा उडतोय त्या अंगाला!" "ह्याच्या जाळ्याला बोया कुठंयत?" मग नायकाने जाळं फेकलं. बाबांनी सुई खाली ठेवली आणि इतक्या दुःखाने डोकं हलवलं, की मला वाटलं कोणी गेलं. वादळात नायक बुडाला तेव्हा जनाआत्या म्हणाली, "बुडणारच. असा येडा माणूस उथळ पाण्यात पण बुडल." नायिका किनाऱ्यावर रडत होती, पडवी हसून लोळत होती, आणि त्या दुपारी वीतभरही जाळं झालं नाही. आय वळली नाही. तिला वळायची गरजच नव्हती, चुका तिला ऐकूनही कळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सावध होऊन देवाचा पिच्चर लावला. देवाच्या पिच्चरला कोण नावं ठेवणार? कोणीच ठेवली नाहीत. पण देव प्रकटला की सगळ्यांनी सुया खाली ठेवून हात जोडले. देव अंतर्धान पावला, सुया उचलल्या. देव पुन्हा प्रकटला. त्या पिच्चरमधला देव फारच दयाळू होता, कोणी हाक मारायचा अवकाश, हजर. मध्यंतरापर्यंत बाबांची एक ओळसुद्धा पुरी झाली नाही. शेवटी ते हात जोडूनच म्हणाले, "देवा, आता जरा थांब, पुनवेच्या आत जाळं व्हायला पायजे." दुसरी सीडी लावूच नका असं ठरलं. देवाची क्षमा मागून त्याला पिशवीत ठेवण्यात आलं.

नवे पिच्चर वेगळ्याच कारणाने पडले. आमच्या पडवीवर पत्रे. पाऊस लागला की पत्र्यांवर असा आवाज होतो, की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. जुन्या पिच्चरमधली माणसं एकमेकांशी बोलत नसत, अख्ख्या थिएटरशी बोलत. त्यांचं सगळं पत्र्यांवरच्या पावसातून नीट ऐकू यायचं. नव्यातला नायक मात्र तोंडातल्या तोंडात बोलणार. त्याचं दुःख खूप खोल होतं म्हणे, पण ते पाऊस थांबल्याशिवाय आमच्यापर्यंत येत नव्हतं. "ह्याला दात दुखतात काय?" असं जनाआत्याने विचारलं, आणि तेव्हापासून तो 'दातदुखीचा' झाला. पुढे एकदा उघडीप असताना मी तो पुन्हा लावला, तेव्हा सगळ्यांना फार आवडला. म्हणून मी अजूनही नवा पिच्चर सुचवताना आधी विचारते, तुमच्याकडे स्लॅब आहे की पत्रे?

सगळ्यात जास्त काम झालं ते प्रेमाच्या पिच्चरमध्ये. हे मला अपेक्षित नव्हतं. नायक नायिकेच्या जरा जवळ गेला, की पडवीतल्या सगळ्या माना एकदम खाली. बाबा जाळ्यात डोकं खुपसून विणतायत, जनाआत्या विणतेय, मी विनाकारण दोरा गुंडाळतेय. गाणं संपेपर्यंत कोणी वर बघत नाही. बागेतलं एक गाणं झालं की हातभर जाळं तयार. "हा पिच्चर चांगला हाय, कामाला उठाव हाय," असा दाखला बाबांनी दिला, तोही माझ्याकडे न बघता. प्रेमाचा पिच्चर माझ्या यादीत तेव्हापासून 'उत्पादक' म्हणून आहे.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की एकाच जातीचा पिच्चर सलग चालत नाही. सलग दोन हसवणारे लावले तर माणसं कामावरून उठतात, सलग दोन मारामारीचे लावले तर आपापसात भांडतात. जुना, मग नवा. रडका, मग बागेतला. मध्येच एखादा दक्षिणेतला, मराठी किंवा हिंदी बोलायला लावलेला, ज्यात नायक एका लाथेने जीप उडवतो. तो सगळ्यांना पचतो. जेवणात भाताबरोबर कालवण लागतं, सुकं लागतं, सोलकढी लागते, तसंच हे. मामाच्या गल्ल्यावर मी एकेका माणसाला ओळखायचे. इथे अख्ख्या पडवीचं तोंड ओळखायचं होतं. त्यातलं एक तोंड पावसाकडे होतं, हीच अडचण.

मग घड्याळाचा पिच्चर आला. डोंगरावरचा एक बंगला, त्यात एक मोठं घड्याळ, आणि घड्याळ बंद पडलं की बंगल्यात एक माणूस कमी होतो. त्या दुपारी जनाआत्यासुद्धा गप्प होती. फक्त सुया चालल्या होत्या, आणि फार वेगाने. पिच्चर संपला, खुनी सापडला, सगळ्यांनी श्वास सोडला. संध्याकाळी बाबा रोजच्यासारखे झालेलं काम तपासायला बसले. ते डोळ्यांनी तपासत नाहीत. जाळं बोटांतून सरकवतात. सरकवता सरकवता एका जागी त्यांची बोटं थांबली. तिथले आस बारीक, गाठी दगडासारख्या. त्यांनी मागेपुढे चाचपलं आणि मान वर न करता म्हणाले, "जने, इथं खून झाला."

आम्ही जाऊन बघितलं. खरंच, बंगल्यातली पहिली किंकाळी जनाआत्याच्या कोपऱ्यात जशीच्या तशी विणलेली होती. पुढे तिथून दोन हातांवर दुसरी. घाबरलेल्या माणसाची मूठ आवळते, आणि मूठ आवळली की बोटांतलं मापही आवळतं. "यात पापलेट नाय येणार," बाबा म्हणाले, "मुंग्या येतील." दुसऱ्या दिवशी दोन्ही खून उसवून काढावे लागले. जनाआत्या उसवताना म्हणत होती, "मेला खुनी सापडला तर सापडला, माझं काम वाढवून गेला."

तेव्हापासून पडवीला एक नवा खेळ मिळाला. संध्याकाळी बाबा बोटांतून जाळं सरकवायचे आणि पिच्चर सांगायचे. "इथं मारामारी हाय." "इथं तुमी हसलात, गाठ सुटलीय." "हे गाणं. सरळ गेलंय." आयच्या टोकाशी आले की मात्र ते नुसते सरकवत जायचे. सगळे आस सारखे, एका मापाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथे ना खून होता, ना हसू. बाबा म्हणायचे, "इथं काय नाय." त्यांना ते कौतुकाने म्हणायचं असायचं. मला मात्र दर संध्याकाळी कोणीतरी निकाल वाचून दाखवतंय असं वाटायचं. मला खरंच वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. मी उगाच चांगले चांगले पिच्चर एका पाठीवर उधळत होते.

पूनव जवळ आली. पावसाचा जोर ओसरला, होड्यांवरची झावळ्यांची झापं निघाली, रंगाचे डबे उघडले. संदीपने बोईसरला खोली बघून ठेवली. मीही मनातून हात टेकले होते. पिशवीच्या तळाशी एक जुना, काळापांढरा पिच्चर उरला होता. तो मी लावत नव्हते, कारण त्याची सीडी खरखरायची आणि त्यात फारसं काही घडतही नाही. एक मुलगा गाव सोडून लांब गिरणीत कामाला जातो. त्याची आई रोज संध्याकाळी दाराची कडी काढून ठेवते. ती कोणाला काही सांगत नाही, रडत नाही. जेवताना एक ताट जास्त मांडते आणि कोणी बघायच्या आत उचलते. बस, एवढाच. आता शेवटचे दिवस, काम थोडंच उरलंय, कोणाचं काय बिघडणार, म्हणून मी तो लावला.

पिच्चर चालू झाला आणि मला वाटलं, हा पडला. कोणी काही बोलेना. जनाआत्याने एकदाच विचारलं, "मारामारी कवा हाय?" मी म्हटलं, यात नाही. मग ती पण खाली मान घालून विणत राहिली. सीडी मध्येच अडकायची, मी उठून तिला पदराने पुसायचे. शेवटाकडे रात्रीचा देखावा, मुसळधार पाऊस, बाहेर कोणाची तरी पावलं वाजतात, आई कडीकडे बघते. नेमकी त्याच वेळी आय उठली. "दोरा संपला," ती भिंतीला म्हणाली आणि आत गेली. मी दोरा गुंडाळणारी, तिच्या शेजारी दोऱ्याचं रीळ मीच भरून ठेवलेलं. पण मला तेव्हा वाटलं, ही कंटाळली. इतका वाईट पिच्चर मी निवडला, की या बाईला पाठ करूनही तो सहन होईना.

संध्याकाळी बाबा जाळं तपासायला बसले. आमच्या सगळ्यांच्या बाजू सरकवल्या. मग आयच्या टोकाशी आले. ते सवयीने "इथं काय नाय" म्हणायला गेले आणि थांबले. बोटं मागे आली. पुन्हा पुढे गेली. त्यांनी तो भाग दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरला. आस सुटलेले होते, वेडेवाकडे, सैल. एक तर इतका मोठा, की त्यातून माझा हात गेला असता. बाबा आयकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत तिच्या हातचं वाकडं काम त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

"हे कोणाचं?" असं त्यांनी उगाच विचारलं. कोणाचं ते पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आय चिडली. "मग काय कान बंद करून बसू?" ती म्हणाली. "दोन महिने कानाशी हे चाललंय! पाठीला डोळे नसतात, कान तर असतात!"

जनाआत्या हसायला लागणार होती, पण बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिने हसू गिळलं. पत्र्यांवरून पागोळ्या गळत होत्या. आय सुई हातात घेऊन तशीच बसली होती. मग तिने मान वळवली. भिंतीकडे नाही, नुकत्याच शिफ्टवरून आलेल्या संदीपकडे नाही. सरळ माझ्याकडे.

"तो पोरगा घरी पोचला का नाय, गो?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. गल्ल्यावर बसून शेकडो लोकांना मी पिच्चरचे शेवट सांगितले होते, फुकट आणि न विचारता. हा पहिलाच शेवट कोणीतरी मला आपणहून विचारला होता.

"पोचला, आय," मी म्हटलं. "दार उघडंच होतं."

"हं," ती म्हणाली. "मग बरं." आणि तिने तो सैल भाग उसवायला घेतला. बाबांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. "राहू दे तेवढा," ते म्हणाले. "एखादा पापलेट गेला तर जाऊ दे."

बोईसरच्या खोलीचं मग मीच संदीपला नको म्हणून सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही, नुसती मोटरसायकल दुरुस्त करून घेतली. आजही तो दांडीहूनच शिफ्टला जातो. उशिरा येतो, तेव्हा दाराची कडी काढलेली असते. ती कोणी काढून ठेवली, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही.

आता सीड्या गेल्या. मामाच्या फटीत मोबाइलची कव्हरं मिळतात. पडवीवरचे पत्रे आहेत तसेच आहेत, टीव्ही मात्र भिंतभर झालाय आणि त्यात जगातला कुठलाही पिच्चर बोटावर येतो. हे सुख नवं, तशी त्याची डोकेदुखीही नवी. आधी पिशवीत असेल ते बघायचो. आता निवडण्यातच दुपार जाते. मध्यंतरी एका बंदीत प्रत्येक जण कानात बोंडं घालून आपापल्या मोबाइलवर वेगवेगळा पिच्चर बघत बसला. एक हसतोय, दुसरा डोळे पुसतोय, तिसऱ्याचा खून चाललाय. संध्याकाळी बाबांनी जाळं बोटांतून सरकवलं आणि हात जोडले. "हे जाळं नाय," ते म्हणाले, "हा बाजार हाय." दुसऱ्या दिवसापासून मोबाइल माजघरात, आणि पडवीत पुन्हा एकच पिच्चर, माझ्या पसंतीचा.

यंदाचा बेत मी ठरवून ठेवलाय. सुरुवातीला ट्रकवालीचा, नवा आहे पण बाई मोठ्याने बोलते. मग जुना दोन जावांचा, त्यातल्या भांडणात जनाआत्या अजून धाकटीची बाजू घेते. मग बागेतला एक, जाळं मागे पडलं असेल तर दोन. घड्याळाचा लावायचा, पण त्या दुपारी जाळ्याऐवजी सुकट निवडायला घ्यायची. समुद्राचा कोणी मागितलाच, तर कोळगावला माझ्या भावाकडे जाऊन बघा म्हणून सांगायचं, त्याला तो फार आवडतो. आणि शेवटच्या दिवसांत, होड्यांना रंग लागला की, तो काळापांढरा.

तो आयसाठी. तिच्या बोटांना आता गाठी मारवत नाहीत, हात थरथरतात. सुई तिने जनाआत्याच्या नातसुनेला देऊन टाकली. ती आता टीव्हीच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसते, आणि कोणी मध्ये आलं तर हाकलते. त्या पिच्चरचा शेवट तिला तोंडपाठ आहे. मी सांगितलाय, पुढे कितीदा तरी तिने स्वतः आळीत सगळ्यांना सांगितलाय. पण तो पाऊस पडायला लागला, बाहेर पावलं वाजली, की दर वर्षी ती खुर्चीवरून उठते.

"दोरा संपला," म्हणते, आणि आत जाते.

तिच्या हातात जाळं नसतं, सुई नसते, काही नसतं. पडवीत कोणी हसत नाही. मी रिमोट उचलते आणि पिच्चर थांबवते. आय पदराने तोंड पुसत बाहेर येऊन पुन्हा खुर्चीवर बसेपर्यंत तो पोरगा भिजत दारात उभा राहतो.